कोपराचं दुखणं आणि महिनाअखेरची चणचण

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वर्षं चाललेला छोटा कारखाना. ऑर्डरी भरपूर, ताळेबंदात नफा दिसतो, तरी दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पगाराला पैसे कमी पडतात. ओव्हरड्राफ्टची (खात्यात शिल्लक नसताना पैसे काढू देणारी बँकेची सोय) मर्यादा दोनदा वाढवली, लवकर पैसे देणाऱ्यांना सूट दिली, अकाउंटंट बदलला, सॉफ्टवेअर बदललं. प्रत्येक वेळी दोन-तीन महिने बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न. शेवटी एक टोमणाही आहे: “तुम्ही एकदा म्हणाला होतात की धंद्यातलं बरंचसं शहाणपण तुम्हाला दुखऱ्या कोपरानं शिकवलं. ते ऐकायला छान वाटतं म्हणून म्हणता, की त्यात आमच्या उपयोगाचं काही आहे?”

टोमणा रास्त आहे. स्वतःच्या आजारपणातून जगाला धडे देणारी माणसं मलाही झेपत नाहीत. पण बावीस वर्षं मी लहान-मध्यम कारखान्यांच्या पैशाच्या अडचणी सोडवतोय, आणि कोपर दुखायला लागलं तेव्हा त्यातलं चौदावं वर्ष चालू होतं. तुम्ही आज कारखान्याचं जे करताय तेच मी तेव्हा माझ्या हाताचं करत होतो. दुसऱ्यांना असल्या चुका दाखवण्याचे पैसे घेत असताना करत होतो, हे त्यातलं विशेष. म्हणून आधी कोपर सांगतो, मग तुमची चणचण.

उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथे दुखायचं. दाराची मूठ फिरवताना, टॉवेल पिळताना, भरलेली पाण्याची बाटली हात लांब करून उचलताना. हस्तांदोलनात तर फजितीच. समोरच्यानं जोरात हात दाबला की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं आणि त्याला वाटायचं, माणूस भारावलाय. डॉक्टरांनी नाव सांगितलं, टेनिस एल्बो. मी जन्मात रॅकेट धरलेली नाही. पुढे कळलं की 1873 मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरनं या दुखण्याची नोंद केली ती लिहून लिहून हात भरून येण्याच्या संदर्भात. टेनिसचं नाव त्याला 1880 च्या दशकात चिकटलं आणि तेच कायम झालं. ज्यांना हे होतं त्यांतल्या बहुतेकांचा टेनिसशी काडीचा संबंध नसतो. नाव हे असं असतं: ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याच्या सोयीचं. तुम्ही तुमच्या अडचणीला “वसुलीचा प्रॉब्लेम” म्हणता ना, त्या नावाकडेही आपण जरा संशयानं बघणार आहोत.

पहिलं वर्ष मी नेहमीच्या वाटेनं गेलो. गोळ्या, मलम, हाताला पट्टा, महिनाभर उजव्या हातानं काहीच उचलायचं नाही. शेवटी कंटाळून स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी बाटली उचलली आणि काहीच झालं नाही. पुन्हा उचलली. घरात सगळ्यांना बोलावून उचलून दाखवली. त्याच आठवड्यात, वर्षभर तुंबलेलं काम म्हणून, पुस्तकांचं कपाट रिकामं केलं आणि एकट्यानं दुसऱ्या खोलीत सरकवलं. बरं वाटत होतं ना! नवव्या आठवड्यात दुखणं परत आलं. आधी दाराची मूठ फिरवताना दुखायचं, आता नुसतं पेन धरलं तरी दुखत होतं.

हे माझंच नशीब असं मी धरून चाललो होतो. मग आकडे वाचले. 2006 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात टेनिस एल्बोच्या 198 रुग्णांचे तीन गट केले होते: इंजेक्शन, फिजिओथेरपी, आणि नुसतं थांबून बघणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनच्या गटात 78 टक्के लोकांना चांगला गुण आला होता, थांबून बघणाऱ्यांत फक्त 27 टक्क्यांना. इथेच अभ्यास संपवला असता तर इंजेक्शनची मिरवणूकच निघाली असती. पण त्यांनी वर्षभर पाठपुरावा केला, आणि इंजेक्शननं बरे झालेल्यांपैकी 72 टक्के लोकांचं दुखणं पुढे उलटलं. 2013 मध्ये जामा या अमेरिकी नियतकालिकात 165 रुग्णांचा अभ्यास आला, त्यात तर खोट्या औषधाच्या इंजेक्शनशी तुलना होती. वर्षानंतर पूर्ण बरे किंवा खूपच सुधारलेले लोक स्टेरॉइडच्या गटात 83 टक्के होते आणि खोट्या इंजेक्शनच्या गटात 96 टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण 54 टक्के आणि 12 टक्के. म्हणजे सहाव्या आठवड्याला जो उपाय पहिला येतो, तोच बावन्नाव्या आठवड्याला शेवटचा.

हे वाचलं त्या रात्री मी माझ्या जुन्या ग्राहकांच्या फायली काढल्या. किती जणांना मी “मर्यादा वाढवून घ्या” असा सल्ला दिला होता ते बघितलं, आणि तिसऱ्या महिन्यानंतर त्यांचं काय झालं तेही बघितलं. मी बहुतेकांचा हिशेब सहाव्या आठवड्यालाच बंद केला होता. तोवर त्यांचं कौतुकाचं पत्र आलेलं असायचं.

तुमच्या यादीतला ओव्हरड्राफ्ट म्हणजे ते इंजेक्शन. मी त्याच्या विरोधात नाही, घोटाळा वेगळाच आहे. दुखणं थांबलं की माणूस समजतो ताकद आली, आणि कपाट सरकवायला घेतो. पहिल्यांदा मर्यादा वाढवली त्यानंतरच्या तीन महिन्यांत तुम्ही काय केलंत ते आठवून बघा. नवं मशीन? आणखी दोन माणसं? एखादा मोठा ग्राहक, त्याच्या अटींवर? मी पाहिलेल्या दहापैकी सात-आठ मालकांनी यांतलं काहीतरी केलेलं होतं.

सूट देण्याबद्दल एक बाजूला सांगून ठेवतो, कारण हा हिशेब कुणी करतच नाही. 30 दिवसांऐवजी 10 दिवसांत पैसे द्या, 2 टक्के कापून घ्या, ही सगळीकडे चालणारी पद्धत. 98 रुपये 20 दिवस आधी मिळावेत म्हणून आपण 2 रुपये सोडतो. वर्षाला लावलं तर ते साधारण 37 टक्के व्याज होतं. या दरानं सावकाराकडून पैसे घ्या म्हटलं तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही. दोन टक्के म्हटलं की मात्र किरकोळ वाटतं.

कोपराकडे परत. दीड वर्षानंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. पाऊण तास त्यांनी हाताला हातच लावला नाही, नुसते प्रश्न. पहिला प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे: “दुखायला लागलं त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत काय बदललं होतं?” मी म्हणालो, काहीच नाही. त्या म्हणाल्या, आठवा. मग हळूहळू निघालं. नवा मोठा मॉनिटर घेतला होता, त्यामुळे माउस टेबलावर वीतभर लांब गेला होता. ऑफिस बदललं होतं आणि खोकी मीच भरली होती. खांद्यावरची बॅग जाऊन हातात धरायची बॅग आली होती. यांतलं एकही कारण कोपर बिघडवण्याइतकं मोठं नव्हतं, पण तिन्ही एकाच सुमाराला आली. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. माझा आलाही मुंग्यांच्याच पावलांनी, फक्त मुंग्या तीन रांगांनी आल्या.

मग त्यांनी एक गोष्ट हातावर दाखवली. मूठ वळायला सांगितली आणि माझंच दुसऱ्या हाताचं बोट कोपराखाली बाहेरच्या बाजूला ठेवलं. मूठ आवळली की तिथला स्नायू टणक होतो. बोटं आत वळवणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूला असतात, मग बाहेरचा का ताठतो? कारण बोटं आत ओढली जाताना मनगटही आत दुमडायला बघतं. तसं झालं तर पकडीत जोरच राहत नाही. म्हणून बाहेरचे स्नायू त्याच क्षणी मनगट मागे धरून ठेवतात. आपल्याला वाटतं बोटं काम करतायत. मुळात बाहेरचा स्नायू धरून उभा असतो म्हणून बोटांना काम करता येतं, आणि त्या स्नायूचा कंडरा कोपराच्या हाडावर जिथे चिकटतो तिथे दुखतं. दीड वर्ष मी त्या चिकटलेल्या जागेवर मलम चोळत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शिवाय आग म्हणावी अशी आगही फारशी नव्हती. जुनाट टेनिस एल्बोत शस्त्रक्रिया करून काढलेला कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा त्यात सूज-दाहाच्या पेशी जवळजवळ सापडल्या नाहीत. सापडले ते झिजून विस्कटलेले, नीट न जुळलेले धागे. अमेरिकेतल्या निर्शल नावाच्या अस्थिशल्यचिकित्सकानं हे 1979 पासून मांडलेलं आहे. धागे विस्कटले असतील तर दाह कमी करणारी गोळी करणार काय? वेदना थोडी दबेल, धागे तसेच राहतील. ते नीट बसतात ते हळूहळू वाढवलेल्या वजनानं, आणि त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात, कारण कंडऱ्याला रक्तपुरवठाच बेताचा.

आता एक कारखाना सांगतो, तुमच्यासारखाच होता. सुटे भाग बनवायचे, महिनाअखेर तीच ओरड, आणि मालकाचं ठाम मत: ग्राहक पैसे थकवतात. पुस्तकात सरासरी वसुली 41 दिवसांची दिसत होती. कराराची मुदत 30 दिवस. अकरा दिवस उशीर, त्रासदायक खरा, पण पगार अडावा इतका नाही. कोपराआधीचा मी असतो तर वसुलीला एक माणूस ठेवा म्हणालो असतो. त्या वेळी मात्र मी एक बिल मागितलं, नुकतेच पैसे आलेलं, आणि त्या मालाबरोबर अथपासून इतिपर्यंत पायी फिरलो. कॉम्प्युटरवर बघत बसलो नाही. खरोखरच या टेबलावरून त्या टेबलापर्यंत चाललो.

माल गेटबाहेर पडला. ड्रायव्हरनं ग्राहकाकडून चलनावर, म्हणजे माल पोचल्याच्या कागदावर, सही आणली आणि ते डिस्पॅचच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकलं. ट्रेवर कुणीतरी चिठ्ठी चिकटवलेली होती: “आजचं”. सगळ्यात खालच्या चलनाची तारीख बघितली, तर ते नऊ दिवसांपूर्वीचं. सरासरी काढली, सहा दिवस. तिथून चलन अकाउंटला गेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, या भागाचा दर वेगळा ठरलाय, विक्रीवाल्यांनी कळवल्याशिवाय बिल कसं करू? विक्रीवाला फिरतीवर. नऊ दिवस. दर आला, पण बिलं शुक्रवारीच काढायची असा नियम, कारण पूर्वी प्रिंटर एकच होता आणि तो इतर दिवशी दुसऱ्या कामात असायचा. आता प्रिंटर तीन होते, नियम तोच. आणखी पाच दिवस. बिल गेलं. सगळ्यात मोठा ग्राहक महिन्याच्या ठरावीक तारखेपर्यंत आलेलीच बिलं त्या महिन्यात धरायचा, नंतरची पुढच्या महिन्यात. ती तारीख हुकल्यानं सरासरी अठरा दिवस. सहा, नऊ, पाच, अठरा: अडतीस दिवस. त्यानंतर पुस्तकातलं घड्याळ सुरू व्हायचं आणि 41 दिवस मोजायचं. माल बाहेर पडल्यापासून पैसे यायला एकूण 79 दिवस, आणि त्यांतले पहिले 38 कुठल्याही अहवालात नव्हते.

ग्राहक थकवत होते अकरा दिवस. कारखाना स्वतःच थकवत होता अडतीस.

आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत असं होत नव्हतं. मग तोच प्रश्न विचारला: त्याआधी काय बदललं? मोठा ग्राहक नवा आला होता, त्याला प्रत्येक बिलासोबत सही केलेलं चलन हवं होतं. त्याच सुमाराला वेगवेगळ्या दरांचे भाग सुरू झाले. डिस्पॅचचा जुना माणूस, जो चलनं स्वतः उचलून अकाउंटला नेऊन द्यायचा, तो निवृत्त झाला. तीन मुंग्या. त्या माणसाच्या कामाच्या वर्णनात चलन नेऊन देणं कुठेच लिहिलेलं नव्हतं. विक्री ही बोटं. मनगट मागून धरून ठेवणारा तो होता, आणि दुखत होतं तिजोरीत.

ऑर्डरी वाढल्या की चणचण का वाढते, याचं उत्तरही इथेच आहे. प्रत्येक ऑर्डरमागे कच्च्या मालाचे आणि मजुरीचे पैसे आज जातात आणि 79 दिवसांनी परत येतात. जितक्या जास्त ऑर्डरी, तितका जास्त पैसा वाटेत. नफा खरा असतो, फक्त तो ट्रेमध्ये पडलेला असतो.

उपायाकडे वळण्याआधी मोजमापाचं सांगतो, कारण माझ्या मते कोपरानं शिकवलेली सगळ्यात कामाची गोष्ट ती आहे. त्या बाईंनी माझ्या हातात पकड मोजायचं यंत्र दिलं. मी शहाणपणा करून सगळा जोर लावायला निघालो. त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, “हळूहळू दाबा, आणि पहिली कळ आली की सोडा. तुमचा जोर किती हे मला नकोय. न दुखता किती, ते हवंय.” डावा हात 36 किलो. उजवा 14. चौथ्या आठवड्यात मी तक्रार घेऊन गेलो की काहीच फरक नाही, दुखतंय तसंच दुखतंय. यंत्र हातात घेतलं तर 20. दुखणं तेवढंच वाटत होतं कारण हात बरा व्हायला लागल्याबरोबर मी तो जास्त वापरायला लागलो होतो. नुसत्या वेदनेवर भरवसा ठेवला असता तर त्या दिवशी मी व्यायाम सोडला असता.

तुमच्या धंद्याचाही असा न दुखणारा आकडा काढता येतो. महिन्याला जास्तीत जास्त किती माल निघू शकतो, तो आकडा सगळ्यांना माहीत असतो आणि जो तो तो सांगत सुटतो. मला हवाय तो आकडा असा: ओव्हरड्राफ्टला हात न लावता, कुणाचं देणं न थकवता, रात्रपाळी न लावता किती माल निघतो? त्या कारखान्यात हा आकडा त्यांच्या समजुतीच्या जेमतेम निम्मा निघाला. मालकाचा चेहरा उतरला, पण त्यानंतर आमचं बोलणं खऱ्या पायावर सुरू झालं.

व्यायाम अगदी साधा होता. हात टेबलावर, तळहात खाली, मनगट टेबलाच्या कडेबाहेर. दुसऱ्या हातानं वजन वर न्यायचं आणि दुखऱ्या हातानं चार-पाच सेकंद घेत खाली सोडायचं. सुरुवात अर्ध्या किलोनं. थोडं दुखलं तर चालेल, दहापैकी तीन-चारपर्यंत. खरा नियम पुढचा: दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवशीपेक्षा वाढलेलं असेल तर वजन जास्त झालं, एक पायरी खाली या. नसेल तर तेच चालू ठेवा, आणि आठवडाभर नीट गेलं की वाढवा. म्हणजे काम करताना काय वाटतं यावर फारसं जायचं नाही, दुसऱ्या सकाळचा पुरावा बघायचा.

त्या कारखान्यात आम्ही नेमकी उलटी सुरुवात केली, आणि ती चूक माझी. कारण सापडल्याचा आनंद इतका की एका सोमवारपासून सगळ्या ग्राहकांची सगळी बिलं रोजच्या रोज काढायची असं मी ठरवून टाकलं. पहिल्या आठवड्यात तीस बिलांपैकी पाच चुकीची गेली. मोठ्या ग्राहकानं दोन परत पाठवली, आणि परत आलेलं बिल म्हणजे पुन्हा अठरा दिवस. अकाउंटच्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं की तुम्ही असताना काम वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजला होता. आम्ही खाली उतरलो: एकच ग्राहक, रोजचं बिल. ड्रायव्हरनं सही झाल्या जागी चलनाचा फोटो काढून पाठवायचा. वेगळा दर असेल तर तो ऑर्डर घेतानाच ऑर्डरीवर लिहायचा, नसेल लिहिला तर माल हलणार नाही. दर सोमवारी एकच आकडा बघायचा: गेल्या आठवड्यातली किती बिलं परत आली. दोन आठवडे शून्य, मग तीन ग्राहक. पुन्हा शून्य, मग सात. सगळे ग्राहक आत यायला चार महिने लागले. तोवर 38 चे 12 झाले होते.

सव्वीस दिवस वाचले. त्याचा अर्थ सव्वीस दिवसांच्या विक्रीइतकी रोकड वाटेतून सुटून हातात आली. मालकांना इथे मी हात जोडून सांगतो: हा पैसा एकदाच येतो, दर महिन्याला येत नाही. तो खात्यात दिसला की कपाट सरकवायची हुक्की येते. त्या मालकालाही आली. नव्या मशीनचं कोटेशन त्याच्या टेबलावर पडलेलं मी पाहिलं. आमची थोडी वादावादी झाली. शेवटी त्यानं पैसे ओव्हरड्राफ्टमध्ये भरले आणि मशीन आठ महिन्यांनी घेतलं, न दुखणारा आकडा वर सरकल्यावर.

पूर्ण विश्रांती हाही एक उपाय लोक करतात. नवीन ऑर्डरी बंद, उधारी बंद, आधी सगळं सुरळीत होऊ दे. मी हात महिनाभर बांधून ठेवला होता तेव्हा दुखणं कमी झालं होतं आणि पकडही. यावर जास्त लिहीत नाही.

अकाउंटंट आणि सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल मात्र लिहायला हवं. माझा पट्टा बांधल्यावर दोन आठवड्यांत बरं वाटलं होतं आणि मी तीन मित्रांना पट्टे घ्यायला लावले होते. माणूस उपाय कधी करतो? दुखणं कळसाला असताना. कळसानंतर ते थोडं उतरतंच, काही केलं नाही तरी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते आणि आपण कावळ्याचा सत्कार करतो. टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीकडे झुकतं, हे फ्रान्सिस गाल्टननं 1886 मध्ये आईवडील आणि मुलं यांच्या उंचीवरून दाखवून दिलं होतं. तुमचा अकाउंटंट तुम्ही सगळ्यात वाईट महिन्यानंतर बदलला असणार. पुढचे दोन महिने बरे गेले ते त्याच्यामुळे की तसेही जाणारच होते? जुन्याला विनाकारण शिव्या पडल्या असतील आणि नव्याला विनाकारण पगारवाढ.

हाच वार माझ्यावरही उलटतो, तो लपवत नाही. त्या 2006 च्या अभ्यासात वर्षाच्या शेवटी फिजिओथेरपीचा गट आणि नुसतं थांबून बघणाऱ्यांचा गट यांत विशेष फरक उरला नव्हता. दोन्हींतले बहुतेक लोक बरे झाले होते. फरक सुरुवातीच्या आठवड्यांत होता. मग माझा हात व्यायामानं बरा झाला की औषधावाचून खोकला गेला? दीड वर्षांत गेला नव्हता आणि बारा आठवड्यांत 14 चे 31 किलो झाले, म्हणून मी व्यायामाच्या बाजूनं कौल देतो, पण शपथ घेणार नाही.

आणि इथेच कोपराची आणि कारखान्याची उपमा तुटते, ते तुम्हाला कळायला हवं. शरीर आपणहून सांधतं. ट्रेमधलं चलन आपणहून अकाउंटला चालत जात नाही. वर्षभर थांबून बघायची चैन कोपराला परवडते. तुम्ही वर्षभर थांबलात तर त्याआधी बँक थांबायची बंद होईल. (कुणाचं कोपर खरंच दुखत असेल तर: पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, सूज-लाली-ताप असेल, बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर हे वाचून वजनं उचलू नका, डॉक्टरांना दाखवा.)

तुमच्यासाठी, या महिन्यापुरतं. ओव्हरड्राफ्ट आहे तसा राहू द्या. तो आज काढलात तर पगारच अडतील. पण मर्यादा तिसऱ्यांदा वाढवू नका, आणि सूट पुढच्या बिलांपासून बंद करा. सॉफ्टवेअर आहे तेच चालवा. नुकतेच पैसे आलेली तीन बिलं काढा: एक मोठ्या ग्राहकाचं, एक मधल्याचं, एक ज्याच्या नावानं तुम्ही सगळ्यात जास्त बोटं मोडता त्याचं. प्रत्येकाच्या मागे माल गेटबाहेर पडल्याच्या तारखेपासून पैसे जमा झाल्याच्या तारखेपर्यंत स्वतः चाला. प्रत्येक टेबलावर कागद कधी आला आणि कधी गेला ते लिहा. हे काम मॅनेजरला सांगू नका. त्याला काय सापडायला हवं ते त्याला आधीच माहीत असतं. कुणाला “का ठेवलंस” असं विचारू नका, “हे कशाची वाट बघतंय” असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सबब मिळते, दुसऱ्याला उत्तर.

चौथी गोष्ट, दोन महिन्यांचं कॅलेंडर: चणचण पहिल्यांदा जाणवली त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत काय काय बदललं. नवा ग्राहक, गेलेला माणूस, हललेलं टेबल, नवा नियम. क्षुल्लक वाटेल तेही लिहा. माझ्या बाबतीत ते माउसचं वीतभर अंतर होतं.

हे सगळं दोन दिवसांत होतं. तीन बिलांचे दिवस आणि ती बदलांची यादी पाठवलीत की पुढचं बोलू. तिन्ही बिलांत पहिल्या टप्प्याचे, म्हणजे माल बाहेर पडल्यापासून पुस्तकातलं घड्याळ सुरू होईपर्यंतचे, दिवस दहाच्या आत निघाले तर माझा अंदाज तुमच्या बाबतीत चुकला असं समजा. मग तुमचे ग्राहक खरंच थकवतायत, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.